व्हीगन व्यक्तीने प्राणिजन्य घटक असलेली लस घ्यावी का?

तीन वर्षे व्हीगन (दूध-अंड्यांसह सर्व प्राणिजन्य पदार्थ टाळणारे) राहिल्यानंतर कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली फ्लूची लस घेणे म्हणजे स्वतःच्या तत्त्वाशी प्रतारणा ठरेल का, असे आपण विचारले आहे. मला तसे वाटत नाही. मीही व्हीगन आहे आणि ही लस दरवर्षी घेतो.

१९४४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच प्राण्यांचे शोषण ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ टाळावे, असे म्हटले आहे. ही पळवाट आहे, असा आक्षेप ऐकू येतो आणि जिभेच्या चोचल्यांसाठी या शब्दांचा आधार घेतला, तर तो आक्षेप खराच ठरतो. परंतु दूध सोडल्याने दुसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. गोवराची लस नाकारली, तर त्याचे परिणाम लस घेण्याचे वयही न झालेल्या तान्ह्या मुलांना भोगावे लागू शकतात.

शिवाय केवळ घटकांची यादी वाचून आपण निर्दोष ठरत नाही. काही लसी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेला पदार्थ) घालतात, हे निदान यादीत दिसते. मात्र टोचायच्या औषधांत जिवाणूंची विषद्रव्ये राहिली नाहीत ना, हे तपासण्यासाठी अनेक दशके नालाकृती खेकड्याच्या निळ्या रक्ताचा अर्क वापरला जात आहे (हा प्राणी खरे तर खेकडा नव्हेच, कोळ्यांचा दूरचा नातलग आहे). रक्त काढून त्याला पुन्हा समुद्रात सोडतात, पण त्यांतले काही मरतात आणि याचा उल्लेख कोणत्याही वेष्टनावर नसतो. आता त्या रक्तातील मुख्य प्रथिन प्रयोगशाळेत तयार करता येते. व्हीगन मंडळींनी आपला आग्रह अशा पर्यायांसाठी खर्च करावा, असे मला वाटते. इन्सुलिनच्या बाबतीत हे घडून गेलेले आहे: गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून ते काढावे लागे, पण १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली.

जिथे पर्याय आहे तिथे मात्र सवलत घेऊ नये. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी वनस्पतिजन्य सेल्युलोजची कॅप्सूल किंवा साधी गोळी मिळते का, हे औषधविक्रेत्याला विचारायला काहीच हरकत नाही.

मी स्वतः थायरॉईडची गोळी घेतो. पाकिटातला घड्या घातलेला कागद उलगडून, त्यावरची मुंगीएवढी अक्षरे भिंगाखाली वाचली, तेव्हा त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सापडली. डॉक्टरांनी सांगितले की, लॅक्टोज नसलेली गोळी मिळते. पण बदलल्यावर मात्रा पुन्हा जुळवावी लागू शकते आणि त्यासाठी सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. गेल्या महिन्यात गोळी बदलली आहे. तपासणी अजून व्हायची आहे.