छोट्या चर्चमध्ये ११ वर्षं सेवा केली आणि न विचारता बाजूला केलं. नम्र राहून गप्प बसायचं का चर्च बदलायचं?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ११ वर्षं शब्बाथशाळा (चर्चमधली पोरांची बायबलची शाळा) घेतली, मग एका रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांमध्येच कळलं की पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणीतरी घेणार, आणि पाळकसाहेबांना विचारायला गेलात तर "नम्र व्हायला शिका" हे उत्तर. राग मानू नका पण मला हसूच आलं, कारण हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, असंच्या असं.

मी पाळक नाही, थिऑलॉजी वगैरे शिकलेलो नाही, त्यामुळं हे एका साध्या मेंबरचं उत्तर समजा. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) एका गावातली आमची सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी, चाळीसेक घरं, त्यातली निम्मी पोरं पिंपरी-चिंचवडला कंपन्यांमध्ये, म्हणजे एरवीच्या रविवारी ६० माणसं आली तरी पाळकसाहेब खूश. नाताळला आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मात्र उभं राहायला जागा नसते. मी तिथं पेटी वाजवायचो, माझ्या आधी माझे वडील वाजवायचे, आणि मधे सहा वर्षं मी पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा सेक्रेटरी पण होतो.

मग वार्षिक सभा झाली, नवीन कमिटी आली, मी पडलो. ते एक वेळ ठीक होतं. पण तरुण संघानं वर्गणी काढून कीबोर्ड आणि दोन मोठे स्पीकर आणले आणि मला सांगितलं "काका तुम्ही आता आराम करा". आराम! ४८ वय होतं माझं. मी काहीच बोललो नाही, पेटीला कापड गुंडाळलं, घरी घेऊन आलो (पेटी आमचीच होती, वडिलांची) आणि पुढच्या रविवारपासून जायचं बंद केलं. घरात सांगितलं, मला भांडायचं नाही, मी नम्रपणे बाजूला झालोय.

मुद्दा इथंच आहे. मला खरंच वाटत होतं की मी नम्र आहे, कारण मी एका शब्दानं कोणाला बोललो नव्हतो. पण ती नम्रता नव्हती हो, तो रुसवा होता, लग्नात जावई रुसून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसतो ना तसा. बाहेर बसायचं आणि डोळा सगळा आत, की कोण आपल्याला बोलवायला येतंय. १४ महिने कोणी आलं नाही.

म्हणजे एक जण यायचा. त्याचं असं की देवळाची चावी माझ्याकडंच राहिली होती. (आमच्याकडं जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) कमिटीतून पडल्यावर ती द्यायला पाहिजे होती, मी मुद्दामच दिली नाही, म्हणलं बघू, मागायला येतील तेव्हा चार शब्द सुनावू. पण मागायला कोणी आलंच नाही. दर रविवारी सकाळी सातला एक नववीतलं पोरगं सायकलवर यायचं, "जय ख्रिस्त काका, चावी", आणि दुपारी परत आणून द्यायचं. ना त्यांनी चावी मागून घेतली ना कुलूप बदललं. तेव्हा दीडदोनशे रुपयात नवीन कुलूप येत होतं. मला आजपर्यंत कळलेलं नाही की हा त्यांचा चांगुलपणा होता का आळस, आणि आमची कमिटी मला माहितीये त्यामुळं मी आळसच धरतो.

जुलै महिना, रात्रभर पाऊस, त्या रविवारी पोरगं आलं नाही. साडेसात झाले, पावणेआठ झाले, साडेआठची उपासना. आता लोक पावसात दाराशी उभे राहणार आणि चावी कोणाकडं तर माझ्याकडं. गेलो छत्री घेऊन, उघडलं, आतमध्ये एका कोपऱ्यात गळत होतं तिथं बादली ठेवली, बाकडी पुसली, आणि आता लोक यायला लागल्यावर निघून कसं जायचं, म्हणून मागच्या बाकावर बसलो. एवढंच. माझ्या परत येण्यात याहून मोठं काही घडलेलं नाही, डोळ्यात पाणी नाही, मिठ्या नाहीत, कोणी सॉरी म्हणलं नाही. एका आजींनी विचारलं "बरं नव्हतं का रे?" १४ महिन्यांनी!

तर तुमच्या प्रश्नातला पहिला भाग, गप्प बसायचं का. माझं मत नाही. आणि हे मी बायबलमधूनच सांगतो. नम्रतेवर बोलायचं झालं की सगळे पाळक प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढतात, एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. पण तेच पत्र पुढं चौथ्या अध्यायापर्यंत वाचा. तिथं युवदीया आणि सुंतुखे म्हणून दोन बायका आहेत, दोघी पौलाबरोबर सुवार्तेच्या कामात झटलेल्या आणि दोघींचं काहीतरी बिनसलंय. पौल त्यातल्या एकीला "तू नम्र हो आणि गप्प बस" म्हणत नाही. एकीला विनंती करतो, दुसरीलाही वेगळी विनंती करतो, आणि तिसऱ्या एका सोबत्याला सांगतो की यांना मदत कर. म्हणजे ज्या मंडळीला नम्रतेचा एवढा मोठा धडा लिहिला ती आपल्यासारखीच भांडणाऱ्यांची मंडळी होती, आणि भांडण मिटवायचं काम नुसतं भांडणाऱ्यांवर टाकलेलं नाही.

अजून एक गोष्ट, ही आपल्यात उघड कोणी बोलत नाही. आपल्या नगर, जालना भागातल्या बहुतेक मंडळ्या कोणाच्या आहेत? गावकुसाबाहेरच्या लोकांच्या. आपल्या पणजोबांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं होतं की खाली बघून चाल, लायकी ओळखून राहा. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यात मान वर करून चालता येईल ही आशा पण होतीच. म्हणून खुर्चीवर बसलेल्या माणसानं खाली बसलेल्याला नम्र व्हायला सांगितलं की मला खटकतं. शेवटच्या भोजनाच्या रात्री वरच्या खोलीत पाय कोणी धुतले, गुरूनं, म्हणजे येशूनं धुतले, शिष्यांना "माझे पाय धुवा" असं तो म्हणला नाही. त्यामुळं तुमच्या पाळकसाहेबांनी जे सांगितलं ते शब्द बरोबर असतील, पण सुरुवात त्यांच्यापासून व्हायला पाहिजे होती.

पण थांबा, मी पूर्ण तुमच्या बाजूनं पण नाही. परत गेल्यावर मला हिशोबाची शंका होती. खजिनदार दानपेटी घरी नेऊन मोजायचे, आकडा कधी वाचला जायचा कधी नाही, कापणीच्या सणाला लिलाव व्हायचा, एक भोपळा ११०० रुपयाला जायचा आणि ते ११०० पुढं कुठं गेले कोणाला पत्ता नाही. मी बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकातल्या १८ व्या अध्यायातल्या पद्धतीनं गेलो, आधी एकट्यानं. त्यांनी चहा पण दिला आणि शिव्या पण दिल्या. मग काही महिन्यांनी एका वडिलधाऱ्यांना बरोबर घेऊन गेलो, तेव्हा नुसता चहा. मग वार्षिक सभेत मांडलं, आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातला आठवा अध्याय वाचून दाखवला, तिथं पौल स्वतः सांगतो की गोळा केलेल्या दानाबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून आम्ही ते एकट्याच्या हातात ठेवत नाही, बरोबर दुसरी माणसं देतो. प्रेषिताला जर कोणी बोट दाखवू नये याची काळजी होती तर आपल्या खजिनदाराला का नको.

या सगळ्याला तीन वर्षं गेली आणि शेवटी वह्या तपासल्या. आणि निघालं काय तर मंडळीकडंच त्या माणसाचे पैसे निघत होते. लाइटबिल, गळणारे पत्रे, पाळकसाहेबांच्या घराची मोटर, सगळं त्यानं स्वतःच्या खिशातून भरलेलं आणि ते पण लिहिलेलं नाही. चोर नव्हता, गबाळा होता. मी मनातल्या मनात तीन वर्षं त्याला चोर ठरवून बसलो होतो, प्रभुभोजन घेताना पण. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, सगळ्यांसमोर मागायला पाहिजे होती, तेवढी हिंमत झाली नाही. पण विचारणं चूक नव्हतं हे मी आजही म्हणेन, कारण आता दर रविवारी दोघं जण तिथंच टेबलावर मोजतात आणि फळ्यावर आकडा लिहितात. आणि गंमत म्हणजे मोजणाऱ्या दोघांतला एक मी आणि दुसरा तोच.

म्हणून तुम्ही पण आधी एकट्यानं जाऊन सरळ विचारा की मला का काढलं. मनात उत्तर ठरवून जाऊ नका. कदाचित खरंच राजकारण असेल. कदाचित तुम्ही थकलाय असं कोणाला वाटलं असेल. आणि कदाचित, हे सगळ्यात जास्त लागतं, कोणी काही विचारच केलेला नसेल.

वेळ लागणार हे धरूनच चाला. आपल्या चर्चचं तर सगळंच वेळ लागणारं. सीएनआय नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला झालं, सहा परंपरा एकत्र आल्या, त्यात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि मोठं झाल्यावरच बाप्तिस्मा देणारे पण होते, आणि ही एकत्र यायची बोलणी सुरू झाली होती १९२९ ला. ४१ वर्षं! आमच्या कमिटीची मिटिंग रात्री अकरापर्यंत चालली की मी हेच मनात म्हणतो.

आणि तुम्ही पोरांना शिकवत होता म्हणून आठवलं, सिंथिया फरार नावाची अमेरिकन मिशनरी बाई १८२७ ला मुंबईत आली, लग्न न केलेली एकटी बाई, मधे एकदा अमेरिकेला गेली, परत आली, आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये नगरलाच वारली. आज नगरच्या चर्चमध्ये उभं राहून दहा जणांना विचारा ही कोण होती. एक सांगेल का नाही शंका आहे. पण ज्यांच्या घरात पहिल्यांदा बाई वाचायला शिकली त्या घरांचं पुढं काय झालं ते आपण बघतोच. तुमची ११ वर्षं सूचनांच्या कागदावर एका ओळीत संपली असतील, त्या पोरांच्या डोक्यातून ती कोणी काढू शकत नाही.

चर्च बदलायचं का? मी रुसलो होतो तेव्हा श्रीरामपूरला एका मोठ्या सभेत चार-पाच महिने जात होतो. एसी, स्क्रीनवर गाणी, उपदेश चांगला, खोटं कशाला बोलू. दारात एक ब्रदर रोज विचारायचे "प्रेज द लॉर्ड, पहिल्यांदा आलात का?", पाचव्या महिन्यात पण. तिथं मला दुखवणारं कोणी नव्हतं कारण मला ओळखणारंच कोणी नव्हतं. काहींना तेच बरं वाटतं, त्यांना मी नावं ठेवत नाही.

फक्त एक गोष्ट वेगळी धरा. बाईला किंवा लेकराला त्रास दिला जात असेल, धमक्या असतील, पैशाची खरंच अफरातफर असेल आणि विचारणाऱ्यालाच वाळीत टाकत असतील, तर तिथं नम्रतेच्या नावाखाली सोसत बसायचं काही कारण नाही. डायोसिसला (बिशपच्या ऑफिसला) लेखी द्या, पोलिसात जायची गोष्ट असेल तर पोलिसात जा, आणि तिथून निघा. तुमच्या प्रश्नात तसलं काही दिसलं नाही म्हणून बाकीचं सगळं लिहिलं.

तुमच्याकडं शब्बाथशाळेचं हजेरीपत्रक, चित्रांचे तक्ते, गोष्टींची पुस्तकं काही राहिली असतील ना, ती नवीन शिकवणाऱ्यांच्या हातात स्वतः नेऊन द्या. माझ्यासारखं धरून बसू नका. आणि कोणतं पोरगं पाठांतराला घाबरतं, कोणाला उपाशीपोटी यावं लागतं, हे पण सांगा, हे हजेरीपत्रकात नसतं.

पेटीचं विचाराल तर कीबोर्डवाला पोरगा आता चांगला वाजवतो, पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग लागले की त्याला चाल सापडत नाही, मग मागं वळून बघतो आणि मी पेटी ओढतो. सायकलवर यायचा तोच हा, आता बारावी होऊन आयटीआय करतोय. चावी अजून माझ्याकडंच आहे. दुसरी पण करून घेतली, ती त्याच्याकडं असते, ४० रुपये लागले, फळ्यावर लिहिलेत.