बॅटल जिंकली, नाइफ अडकला, खातं गोठलं

नाशिकच्या एका हॉस्टेलवरून आलेलं हे पत्र चार पानी आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गाव सिन्नर तालुक्यात. बारावीपासून काउंटर-स्ट्राइक हा बंदूकबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. गेल्या चार महिन्यांत एका परदेशी वेबसाइटवर ‘केस बॅटल’, म्हणजे गेममधल्या आभासी पेट्या पैसे लावून उघडायची चढाओढ, खेळण्यात त्याचे ६२ हजार रुपये गेले. त्यातले २५ हजार रूममेटकडून घेतलेले. एका रात्री तिघांच्या बॅटलमध्ये तो जिंकला. साइटवर २,१४० डॉलरचा माल दिसू लागला, त्यात एक बटरफ्लाय नाइफ, म्हणजे गेममधला आभासी चाकू. काढायला गेला तर साइटनं ओळखपत्र मागितलं आणि मग ‘तुमच्या देशात सेवा नाही’ म्हणून खातं बंद केलं. खातं उघडताना त्यानं व्हीपीएन लावून दुसराच देश दाखवला होता. हे चाललेलं असतानाच त्याच्या बँक खात्यावर परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून होल्ड लागला. कारण, त्याआधी त्यानं एक नाइफ टेलिग्रामवरच्या माणसाला यूपीआयनं ३८ हजारांना विकला होता. आता रूममेट २५ हजार आणि जिंकलेल्याचा अर्धा वाटा मागतोय, आणि रूममेटचे वडील ‘चारशेवीसची केस टाकतो’ म्हणतायत.

वयानं तुम्ही माझ्या मुलाएवढे, पण पत्र कायद्याचं आहे म्हणून अहो-जाहोच करते.

तुमचा पहिला प्रश्न साइटवर दावा ठोकण्याचा आहे आणि शेवटचा बँकेचा. मी उलटा क्रम लावते, कारण त्या २,१४० डॉलरपेक्षा तुमचा होल्ड कितीतरी महाग आहे.

तुम्ही पाठवलेला यूपीआयचा स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. नाइफ घेणारा टेलिग्रामवर एका नावानं बोलत होता; पैसे आले ते एका बाईंच्या खात्यातून, तिसऱ्याच आडनावानं. सगळी गोम इथे आहे. ठग एका बाजूला तुमच्याशी नाइफचा सौदा करतो आणि दुसऱ्या बाजूला कुणाला तरी ‘घरबसल्या काम’ किंवा असंच काही आमिष दाखवून ‘या यूपीआयवर भरा’ म्हणून तुमचा आयडी देतो. त्या बाईंचे पैसे तुमच्याकडे, तुमचा नाइफ ठगाकडे. बाई १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करतात आणि पैसा जिथे जिथे गेला ते प्रत्येक खातं पोलीस थांबवतात. तुम्ही आरोपी आहात असा याचा अर्थ होत नाही. पण त्यांच्या कागदावर आज तुम्ही ‘पैसे मिळालेला इसम’ आहात, आणि गप्प बसलात तर तसेच राहाल.

उद्या शाखेत जा. तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि होल्ड नेमका किती रकमेवर आहे, एवढं लेखी मागा. वादातले पैसे ३८ हजार असतील तर अख्खं खातं बंद ठेवण्याऐवजी तेवढ्याच रकमेवर होल्ड ठेवा, अशी विनंती बँकेला आणि पोलिसांना दोघांनाही करा. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल करा: टेलिग्रामवरचं संपूर्ण संभाषण, स्टीमच्या (गेममधल्या वस्तू जिथे ठेवल्या आणि दिल्या-घेतल्या जातात तो प्लॅटफॉर्म) ट्रेड हिस्टरीतली त्या दिवसाची नोंद, घेणाऱ्याच्या स्टीम प्रोफाइलचा दुवा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक. चॅटमधला एकही मेसेज उडवू नका, तुम्हाला लाज वाटणारे तर मुळीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ चा आधार घेऊन पोलीस खातं थांबवतात, पण त्याची खबर त्यांनी दंडाधिकाऱ्यांना द्यायची असते. आणि कलम ५०३ खाली त्या दंडाधिकाऱ्यांकडे आपली रक्कम मोकळी करून मागता येते. ते कोर्ट परराज्यात असेल, त्यामुळे तिथला वकील लागेल. ‘दहा टक्के द्या, दोन दिवसांत खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन तुम्हाला येतील. आधीच आले असतील तर ते नंबरही जपून ठेवा.

पत्रात तुम्ही विचारलंय, ‘माझं खातं कुणीतरी हॅक करून नाइफ विकला, असं लिहिलं तर चालेल का?’ नाही. लोकसेवकाला खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. आज तुम्ही गुंत्यात सापडलेले आहात, त्या एका वाक्यानं गुंता करणारे व्हाल. नाइफ मी विकला, हा माझा सौदा, हा पुरावा, पैसे पाठवणाऱ्या बाईंना मी ओळखत नाही. बस. स्टीमच्या करारात वस्तू बाहेर रोखीनं विकायला मनाई आहे आणि तिथल्या वस्तू तुमच्या मालकीच्या नसून वापरायला दिलेल्या मानल्या जातात, हे खरं. त्यापायी स्टीम खातं जाऊ शकतं. पण तो करारभंग, गुन्हा नव्हे.

आता बॅटल. माझ्या टेबलावर केस म्हणजे वेगळीच वस्तू असते, म्हणून ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हॉल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१३ च्या ऑगस्टमध्ये या बंद पेट्या आणल्या. किल्ली २.४९ डॉलरला घ्यायची, पेटी उघडायची, आत बंदुकीवर चढवायचा रंग किंवा अगदी क्वचित नाइफ निघतो. किती क्वचित, ते २०१७ मध्ये चीनमधल्या नियमांमुळे जाहीर करावं लागलं: सुमारे ८० टक्के वेळा सगळ्यांत खालच्या दर्जाची निळी वस्तू, आणि नाइफ किंवा हातमोजे ०.२६ टक्के, म्हणजे साधारण ३८५ पेट्यांत एक. बॅटल मात्र व्हॉल्व्हची नाही, ती बाहेरच्या साइटवाल्यांची. दोन ते चार जण सारख्याच पेट्या विकत घेतात, एकेक फेरी एकाच वेळी उघडतात, शेवटी ज्याच्या वस्तूंची बेरीज जास्त तो सगळ्यांच्या वस्तू उचलतो. साइटवर ‘प्रोव्हेबली फेअर’, म्हणजे ‘निकाल प्रामाणिक आहे, तपासून बघा’, असं लिहिलेलं असतं. त्यातून फार तर एवढं कळतं की निकाल मागाहून बदललेला नाही. पेटीत काय किती टाकायचं आणि पेटीचा भाव काय लावायचा, हे साइटच ठरवते.

तुम्ही म्हणता, ‘हा ई-स्पोर्ट आहे, मी मॅचमेकिंगमध्ये वरच्या रँकला आहे.’ असाल. पण पेटी उघडताना तुमचा नेम कुठे कामाला येतो? माउसचं एक बटण दाबायचं, ते माझी सासूही दाबेल.

आमच्याकडे या विषयावर मुंबई हायकोर्टाचा १९३१ चा एक झकास निकाल आहे, आणि तो चक्क कुस्तीचा आहे. पुण्यात दोन पैलवानांची कुस्ती ठरली. जो आखाड्यात येणार नाही त्यानं ५०० रुपये द्यायचे आणि जिंकेल त्याला तिकिटाच्या गल्ल्यातून ठरलेली रक्कम, असा करार. एक पैलवान आलाच नाही, दुसऱ्यानं ५०० रुपयांचा दावा लावला. समोरचा म्हणाला, ही तर पैज, पैजेचा करार कोर्टात चालत नाही. कोर्टानं ते मानलं नाही. बक्षीस प्रेक्षकांच्या पैशातून येणार होतं. कुस्ती हरली म्हणून कुणाच्या खिशातून काही जाणार नव्हतं. ज्यात एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, ती पैज. तुमच्या बॅटलला हीच पट्टी लावून बघा. तिघांनी आपापल्या खिशातून पेट्या घेतल्या, दोघांचं गेलं, ते तुमच्याकडे आलं. गल्ला नाही, प्रेक्षक नाहीत, कुस्तीही नाही.

म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ३० तुमच्या आड येतं: पैजेत जिंकलेलं मिळावं म्हणून दावा लावता येत नाही. साइट परदेशी आहे, तुम्ही देश खोटा सांगितला, हे अडथळे आहेतच. पण ते सगळे दूर झाले तरी हे कलम हलत नाही. त्या २,१४० डॉलरसाठी मी वकीलपत्र घेणार नाही आणि कुणी घेतो म्हणालं तर त्याला फी देऊ नका. एक गोष्ट करा. बॅटलमध्ये न लावलेले जे ६१ डॉलर खात्यात पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय, ती तुमची जमा आहे, जिंकलेली रक्कम नव्हे. ती ईमेलनं परत मागा. आली तर आली. कार्डावरचे जुने व्यवहार ‘मी केलेच नाहीत’ असं बँकेला सांगून पैसे वळते करून घ्यायची आयडिया मित्रानं दिली असेल, तर ती मित्रालाच परत द्या.

खेळणं गुन्हा आहे का? राष्ट्रपतींनी २२ ऑगस्ट २०२५ रोजी संमती दिलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यानं कौशल्य की नशीब हा जुना वादच बाजूला सारला. पैसे किंवा ‘इतर पणाची वस्तू’ लावून बदल्यात कमाईची अपेक्षा असेल तर तो मनी गेम, आणि पणाच्या वस्तूत नाणी, टोकन, आभासी वस्तू, पैसे देऊन घेतलेलं सगळं आलं. तुमचा नाइफ या व्याख्येत अलगद बसतो. परदेशातून भारतात सेवा देणाऱ्यांनाही कायदा लागू आहे. त्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याकडे घेतल्या. पण या कायद्यातली शिक्षा खेळ पुरवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची ने-आण करून देणाऱ्याला आहे. निव्वळ खेळणाऱ्याला नाही.

इथे तुम्ही सुटलात असं वाटेल, पण पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: ‘माझा रेफरल कोड मी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला होता, त्याचे मला पाच टक्के मिळायचे.’ ही ओळ वाचून मी चष्मा पुसला. जाहिरात करणाऱ्याला, लोकांना तिकडे वळवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हॉस्टेलच्या पोरामागे कुणी ५० लाखांसाठी लागेल असं मला वाटत नाही, पण ‘मी फक्त खेळलो’ हे वाक्य त्या कोडमुळे तुमचं राहत नाही. त्या ग्रुपवर किंवा डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या प्रोफाइलवर तो कोड अजून असेल तर स्क्रीनशॉट घेऊन आजच काढा, आणि पुन्हा कुठेही टाकू नका.

रूममेटचं प्रकरण कायद्यानं सोपं आणि माणुसकीनं अवघड आहे. पैजेचा करार पोकळ असला तरी पैजेसाठी दिलेलं उसनं वसूल होतं का? देशात इतरत्र होऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाच्या १९५९ च्या घेरूलाल पारख निकालावरून म्हणता येतं. पण मुंबई इलाख्यानं १८६५ मध्येच स्वतंत्र कायदा करून पैजेला हातभार लावणारे करारही रद्दबातल ठरवले, आणि नाशिक त्या इलाख्यातलं. तुमचा मेसेज स्पष्ट आहे, ‘उद्याच्या बॅटलसाठी २५ पाठव’. कशासाठी हे माहीत असून त्यानं पाठवले. तो कोर्टात गेला तर बहुधा हरेल. अर्ध्या वाट्याचं तर बोलायलाच नको, जिथे तुम्हालाच काही मिळायचं नाही तिथे वाटा कशाचा? वडिलांची ‘चारशेवीस’ आता न्याय संहितेत कलम ३१८ झाली आहे. तिच्यासाठी सुरुवातीपासून फसवायचा हेतू लागतो. कारण सांगून घेतलेले पैसे हरणं म्हणजे फसवणूक नव्हे.

तरीही २५ हजार परत करा. हा सल्ला वकील म्हणून नाही. महिन्याला दोन-तीन हजार, खात्यावरूनच द्यायचे, आणि शेवटचा हप्ता झाला की ‘पूर्ण मिळाले’ एवढा एक मेसेज त्याच्याकडून घ्या. आणखी दीड वर्ष तुम्हाला त्याच खोलीत झोपायचंय.

कराचं एका वाक्यात: ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून ३० टक्के कर आहे आणि वर्षअखेरीस साइटच्या खात्यात दिसणारी शिल्लकही त्या हिशोबात येते, म्हणून अडकलेल्या २,१४० डॉलरचे स्क्रीनशॉट आणि खातं बंद केल्याचा ईमेल घेऊन सीएकडे जा.

राहिला तुमचा अगदी खाली, वेगळ्या शाईनं लिहिलेला प्रश्न: ‘घरी सांगितलंच पाहिजे का?’ पोलिसांना कागदपत्रं हवी असली किंवा जबाब घ्यायचा असला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ किंवा १७९ ची नोटीस येते, आणि ती बँकेतल्या पत्त्यावर जाते. तुमच्या खात्यावरचा पत्ता हॉस्टेलचा नाही, सिन्नरकडच्या घराचा आहे. नोटीस आईच्या हाती पडायच्या आत, या शनिवारी एसटीनं घरी जाऊन या.