कॉलेजच्या फॉर्ममधे ८४ आले, आता मुलीचं कसं होणार?

प्रश्न एमएस्सी केमिस्ट्रीच्या एका मुलीच्या आईचा आहे, पण सेमिनार आणि प्लेसमेंटचे दिवस आले की इथे इंदूरात कोणी ना कोणी आई हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येते, म्हणून सगळ्यांसाठीच लिहून टाकतेय (मुलीला विचारलंय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात). कॉलेजात मुलांकडून एक फॉर्म भरून घेतला, बोलण्याची भीती मोजणारा, त्यात हिला ८४ आले आणि समोर लिहिलं 'हाय', म्हणजे भीती जास्त. आई म्हणाली, "ताई, पेपरात ही पहिली येते हो, पण इंटरव्ह्यूत तोंडच उघडलं नाही तर त्या मार्कांचं काय लोणचं घालायचं?" मुलगी शेजारी बसून मोबाइलचं कव्हर काढत होती, घालत होती.

तो फॉर्म म्हणजे पीआरसीए-२४. जेम्स मॅक्रॉस्की नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांचा, १९८२ चा, आणि अजूनही जगभर वापरतात. २४ वाक्यं असतात, प्रत्येकासमोर 'पूर्ण पटतं' ते 'अजिबात पटत नाही' असे १ ते ५ आकडे, आणि एकूण स्कोर २४ ते १२० च्या मधे कुठेतरी येतो. ८० च्या वर म्हणजे भीती जास्त, ५१ च्या खाली म्हणजे कमी. सरासरी साधारण ६५, पण ती अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांची, घरी मराठी, सराफ्यात हिंदी आणि सेमिनारला इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या पोरांची नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. निम्मी वाक्यं 'मला भीती वाटते' छापाची आणि निम्मी 'मी निवांत असतो' छापाची, आणि बेरीज करताना एका निम्म्याचे आकडे उलटे धरतात, म्हणून एखाद्याने काहीही न वाचता वरपासून खालपर्यंत एकच आकडा ठोकला, कुठलाही, तरी स्कोर बरोब्बर ७२ येतो. तासाच्या शेवटी घाईत भरून घेतलेल्या फॉर्ममधे असे ७२ वाले बरेच निघू शकतात आणि मग वर्गाच्या सरासरीला तसा काही अर्थ राहत नाही. त्यामुळे कोणी नुसता स्कोर सांगितला तर मी आधी मूळ कागद मागते. हिने मात्र इमानदारीने भरला होता, दोन ठिकाणी खोडून परत लिहिलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या फॉर्मचे चार भाग असतात, ग्रुपमधलं बोलणं, मीटिंग, एकास एक बोलणं आणि स्टेजवरचं भाषण. प्रत्येक भागाचा स्कोर ६ ते ३० मधे येतो. कॉलेजने फक्त बेरीज कळवली होती, आम्ही बसून वेगळे काढले तर ग्रुप १९, मीटिंग २३, एकास एक १३, भाषण २९. एकास एक बोलण्यात १८ च्या वर गेलं तर जास्त धरतात, हिचे १३. आणि इंटरव्ह्यू म्हणजे समोर दोन-तीन माणसं, तो भाषणापेक्षा या एकास एकच्याच जास्त जवळ येतो ना! आईची सगळी काळजी ज्यावर होती तिथे मुलगी बऱ्यापैकी ठीक होती, अडत होतं ते सेमिनारला.

मग मी तिला भाषणाची सहा वाक्यं परत भरायला दिली, एकदा मराठीत बोलायचंय असं समजून, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. हे फॉर्मच्या नियमात बसत नाही आणि असे आकडे कोणी रिपोर्टमधे घालू नयेत, पण समोर बसलेल्या एका माणसाला समजून घ्यायला चालतं. मराठीत १७ आले, हिंदीत २०, इंग्रजीत परत २९. आई लगेच म्हणाली, कॉलनीच्या गणपतीत माइकवर सगळ्या अनाउन्समेंट हीच करते की! लॅबमधे ज्युनिअर मुलांना टायट्रेशन हिंदीत हीच समजावते, "अरे भिया, एन्डपॉइंट निकल गया तेरा" असं ओरडते म्हणे. म्हणजे भीती आहे, खरीच आहे, पण ती बोलण्याची नाही, इंग्रजीत चुकण्याची आहे.

पण सायन्सच्या मुलांबाबत मला भीतीपेक्षा वेगळीच एक गोष्ट जास्त खटकते आणि ती या फॉर्ममधे येतच नाही. मी विचारलं, छान बोलता येणं तुझ्या कामात किती महत्त्वाचं, दहापैकी? ती म्हणाली तीन. रिझल्ट चांगला असेल तर बोलायचं काय, ज्यांच्याकडे डेटा नसतो ते बोलतात. असं मानणारी मुलं खूप आहेत, त्यांच्यातल्या काहींना भीती अजिबात नसते, फॉर्ममधे स्कोर मस्त येतो आणि सेमिनार तरी रटाळ, स्लाइड वाचून मोकळे. भीती वेगळी, महत्त्व वाटणं वेगळं आणि प्रत्यक्ष बोलता येणं हे तिसरंच. तो फॉर्म पहिली गोष्ट मोजतो, बाकी दोन नाही, पण वाचणारे त्यातून तिन्ही काढतात.

तिच्या बाबतीत भीतीवर काम सोपं गेलं. एकच स्लाइड, आधी एका मैत्रिणीसमोर हिंदी-इंग्रजी मिसळून, मग तिघींसमोर, मग लॅबमधल्या सगळ्यांसमोर नुसत्या इंग्रजीत. प्रश्नांची जास्त धास्ती होती म्हणून 'आत्ता सांगता येणार नाही, बघून सांगते' हे वाक्य इंग्रजीत पाठच केलं, ते वापरलं तर मार्क जात नाहीत हे तिला पटायला वेळ लागला. २००३ चा साविट्स्की आणि गिलोविच यांचा एक प्रयोगही तिला सांगितला, आपली धडधड समोरच्याला वाटते तितकी दिसत नाही एवढंच ज्यांना आधी समजावलं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. सायन्सची मुलगी, प्रयोग म्हटल्यावर कान टवकारले.

बोलण्याचं महत्त्व पटवणं मात्र अवघड होतं. ते पटलं एका पोस्टर सेशनमधे. दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एका मॅडमने ग्राफ बघून विचारलं की हा बिंदू बाहेर का गेलाय, आणि सांगता सांगता हिला स्वतःलाच सॅम्पल वाळवण्यातली चूक दिसली. त्यानंतर तीनचे सात झाले.

सेमिस्टरच्या शेवटी फॉर्म परत भरला. ग्रुप १८, मीटिंग २१, एकास एक १३, भाषण २५, बेरीज ७७. कॉलेजच्या हिशेबाने आता 'मध्यम', आई खूश, पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला आणि तिला दाखवलं की भाषणाच्या भागात २४ च्या वर म्हणजे अजूनही जास्तच धरतात. मुलगी म्हणाली, "मला माहितीये. पुढचा सेमिनार इंग्रजीतच घेतलाय."