औषधाचे काम, पण वाट प्रयोगशाळेची

पत्र: मुलीने दोनदा ‘नीट’ दिली, हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. आता ती म्हणते, विजेच्या इशाऱ्याने औषध सोडणाऱ्या कार्बनी पदार्थांवर संशोधन करायचे. औषधाचेच काम असेल तर आधी डॉक्टर व्हावे, असे आमचे मत आहे. तिसरा प्रयत्न करायला लावावा का? – एक पालक, नागपूर

उत्तर: लावू नये. आपल्या पत्रात गुण, शिकवणीचा खर्च आणि नातेवाइकांची बोलणी सविस्तर आहेत. मुलगी काय वाचते हे मात्र एका ओळीत, तेही तक्रारीच्या सुरात आले आहे. ‘नीट’च्या अभ्यासाच्या ओझ्याखाली असतानाही जिने हा विषय स्वतः शोधून काढला, तिच्या त्या ओढीकडे आपण हट्ट म्हणून पाहता, याची मला परीक्षेच्या निकालापेक्षा अधिक काळजी वाटते.

औषधाशी संबंधित प्रत्येक काम डॉक्टरकीतूनच सुरू होते, हा समज चुकीचा आहे. पॉलिपायरोल हे कार्बनी, वीजवाहक बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी) तयार होत असतानाच त्यात ऋणभारित औषधाचे आयन अडकवता येतात, आणि नंतर त्याला ऋण विभव (व्होल्टेज) दिला की त्याच्या साखळीवरील धनभार नाहीसा होऊन औषध सुटते. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) किंवा ग्राफीनची (कार्बनचा अतिपातळ थर) जोड दिली की पृष्ठफळ वाढते व अधिक औषध मावते. अडचणीही खऱ्या आहेत: वीज न देताच औषध झिरपते, विभव फार वाढवला तर पाण्याचेच विघटन होऊ लागते आणि शरीरात हा पदार्थ निर्धोक ठरवणे जिकिरीचे असते. हे प्रश्न मुख्यतः विद्युत्रसायनशास्त्राचे आणि मटेरियल सायन्सचे आहेत. डॉक्टरांची गरज पुढे, रुग्णावरील चाचण्यांच्या वेळी भासते.

बारावीला गणित होते का, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास एमएचटी-सीईटीतून १९४२ सालापासून नागपुरात असलेल्या एलआयटीसारख्या (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) संस्थेत केमिकल इंजिनिअरिंग; नसल्यास बी.फार्म. किंवा रसायनशास्त्रातील बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा. आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांना जीवशास्त्र गटही चालतो, परंतु तिथे बारावी कोणत्या वर्षी झाली हे पाहिले जाते, म्हणून आणखी एक वर्ष घालवण्याआधी यंदाचे नियम तपासा.

पीएच.डी.पर्यंतची वाट लांब आहे आणि तोवर पगार बेताचाच असेल, हे तिलाही स्पष्ट सांगा. पुढचे पत्र मात्र तिला स्वतः लिहू द्या, आणि ते पाठवण्यापूर्वी वाचू नका.