घड्याळ अस्सल आहे, पण ते देशात आलं कसं?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. गेली बारा वर्षं मर्यादित आवृत्तीची मनगटी घड्याळं जमवतो. आठ झाली, एकही विकलेलं नाही. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून ओमेगाचं २०१५ सालचं ‘सिल्व्हर स्नूपी’ स्पीडमास्टर २४ लाखांना घेतलं. १८ लाख बँकेतून दिले, ६ लाख रोख. पेटी आहे, वॉरंटी कार्डावर दुबईच्या दुकानाचा शिक्का आहे, बिल नाही. गेल्या महिन्यात विक्रेत्यावर कस्टम्सचा छापा पडला आणि मग माझ्या घरी पंचनामा करून घड्याळ नेलं. पुढच्या आठवड्यात जबाबाला बोलावलंय. विक्रेता म्हणतो, ‘मागच्या तारखेचं बिल करून देतो.’ मी तर विश्वासानं, पैसे मोजून घेतलं. घड्याळ परत मिळेल का?

उत्तर : सगळ्यात आधी, ते बिल घेऊ नका. त्याच्याशी त्याबद्दल फोनवरही बोलू नका. कस्टम्ससमोर जाणूनबुजून खोटा कागद ठेवला तर सीमाशुल्क (कस्टम्स) कायद्याच्या कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आज तुम्ही फसलेले ग्राहक आहात. तो कागद हातात घेतलात की त्याचे साथीदार व्हाल.

आता मूळ अडचण. एरवी आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते. पण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचं नाव घेऊन उलटा नियम आहे. माल तस्करीचा असल्याच्या रास्त समजुतीनं जप्ती झाली, की तो तस्करीचा नाही हे ज्याच्याकडून जप्त झाला त्यानं दाखवायचं. म्हणजे तुम्ही. घड्याळ अस्सल आहे हे सिद्ध करून इथे काहीच साधत नाही. ते शुल्क भरून आलं का, एवढाच प्रश्न आहे, आणि दुबईचा शिक्का त्याचं उत्तर देत नाही.

मग विश्वासानं घेतल्याला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती घड्याळासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. कलम ११२ चा दंड किंवा कलम १३५ चा खटला तुमच्यावर लावायचा, तर माल जप्तीस पात्र आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे लागतं. बाजारभावाइतकी रक्कम, त्यातले १८ लाख बँकेतून, बारा वर्षांचा छंद, एकही विक्री नाही : हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. बिल न मागणं आणि ६ लाख रोख देणं विरुद्ध बाजूचं. रोखीबद्दल मन घट्ट करून खरं सांगा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतल्याचा दंड आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याला होतो. तुम्हाला फक्त पैसे कुठून आले ते दाखवायचंय. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ खालचा हा जबाब पुरावा म्हणून वाचला जातो, नंतर फिरवणं फार जड जातं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज बांधू नका.

तुमच्या घड्याळाची एक गोष्ट कामाची आहे. ते अपोलो १३ या चांद्रमोहिमेच्या आठवणीत काढलेलं आहे. ती मोहीम १९७० सालची, म्हणून ही आवृत्ती नेमकी १,९७० नगांची काढली आणि मागच्या झाकणावर नगाचा क्रमांक कोरला. त्या क्रमांकावरून आधीचा मालक शोधा. कुणी विमानतळावर शुल्क भरल्याची पावती किंवा आयातीचं बिल ऑफ एन्ट्री (आयात करताना कस्टम्सला दिलेलं विवरणपत्र) निघालं, तर सगळं चित्र पालटतं. मी स्वतः अशा शोधाला सगळ्यात जास्त वेळ देईन.

जप्तीपासून सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यायला हवी. लेखी कारणं देऊन आणखी सहा महिने वाढवता येतात. तोवर नोटीस नाही आली तर माल परत द्यावा लागतो, म्हणून पंचनाम्याची तारीख लिहून ठेवा. दरम्यान बंधपत्र आणि तारण देऊन कलम ११०ए खाली तात्पुरता ताबा मागा. शेवटी घड्याळ सरकारजमा ठरलं, तरी कलम १२५ खाली दंड आणि शुल्क भरून ते सोडवून घेण्याचा पर्याय मागता येतो. पर्याय मिळाल्यापासून १२० दिवसांत पैसे भरावे लागतात, अपील प्रलंबित असेल तर गोष्ट वेगळी. आकडा मोठा असेल. आवडीचं घड्याळ गमावण्याचं दुःख मी समजतो, तरी त्या वेळी बेरीज शांतपणे करा.

विक्रेत्याला मात्र सोडू नका. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १४ नुसार घेणाऱ्याला मालाचा निर्वेध उपभोग मिळेल, अशी हमी विक्रीतच धरलेली असते. तो धंदा म्हणून घड्याळं विकतो आणि तुम्ही छंदासाठी घेता, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत दोन वर्षांची आहे. त्याचे ‘बिल करून देतो’ हे मेसेज पुसू नका. तेही वकिलाकडे द्या, आणि जबाब झाला की त्याला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवा.