आधी आकडा, मग गोळी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आता बरं वाटतंय, हात मात्र थरथरतात, तर बायपोलरसाठीचं (उन्माद आणि उदासी आलटून पालटून येण्याच्या तुझ्या आजारावरचं) लिथियम बंद करू का, असं तू विचारलंस. रक्त शेवटचं कधी तपासलं, ते मात्र लिहिलं नाहीस. रक्तातल्या लिथियमच्या पातळीचा आकडा समोर असल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही, चिडलास तरी.

चालू उपचारात ही पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. १.५ च्या वर विषबाधेची भीती, कधीकधी त्याच्या खालीही. गुण देणारी आणि घात करणारी मात्रा इतकी जवळ असलेली औषधं थोडीच.

यामागे मूत्रपिंड आहे. ते लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. घाम, उलट्या, जुलाब यांनी अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते सोडियम धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, आकडा मात्र वर. इंदूरचा मे महिना, भर दुपारी लूमध्ये, म्हणजे त्या गरम वाऱ्यात, स्कूटरवरून भंवरकुआंचा क्लास, आणि त्यात आत्याच्या आग्रहाखातर अळणी गुरुवार! तो गुरुवार सोड. आत्याला मी सांगतो, देवालाही. याचा अर्थ उद्यापासून मीठ ओतून खा असाही नाही; मीठ एकदम वाढलं तर पातळी घसरते. रोजचं जेवण जसं आहे तसंच राहू दे, पाणी भरपूर पी.

डोकं दुखलं म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नकोस. दोन्हींमुळे लिथियम बाहेर पडणं कमी होतं. पॅरासिटामॉल चालतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही असंच करतात. तुला त्या नाहीत, पण नवं औषध लिहून देणाऱ्या प्रत्येकाला लिथियमचं सांगायचंच.

आता थरथर. बोटांची बारीक थरथर पुष्कळांना होते, जास्त चहाने वाढते. पण चहा एका दिवसात तोडू नकोस, कॅफीन अचानक थांबलं तरी आकडा चढतो. हळूहळू कमी कर. डॉक्टर मात्रा कमी करतील किंवा थरथर कमी करणारं प्रोप्रानोलॉल देतील (दमा असेल तर ते चालत नाही, हे त्यांना आठवणीने सांग). थरथर मोठी झाली, चाल डगमगली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी न घेता थेट एम. वाय. रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं. तिथेही पहिलं वाक्य हेच, की पातळी बघा.

मित्र घेतो ती उदासीवरची गोळी, एस्सिटालोप्राम, लिथियमऐवजी चालेल का, याबद्दल थोडक्यात. त्याचा आजार वेगळा. त्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तुझ्या आजारात ती एकटी दिली तर उदासी जाऊन उन्माद येऊ शकतो. अदलाबदल नको.

‘थोडे दिवस सोडून बघ’ म्हणणारे तुला बरेच भेटतील. मी हेकट वाटेन, वाटू दे. लिथियम एकदम तोडलं की पुढच्या काही महिन्यांत उन्माद उलटून येण्याचा धोका वाढतो. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान चार आठवडे, जमल्यास तीन महिने घेऊन मात्रा उतरवतात. बरं वाटतंय ते कदाचित गोळीमुळेच, हे तुला कळत नसेल असं मला वाटत नाही.

तेव्हा या सोमवारी रक्त दे. रात्री दहाला गोळी घेतलीस तर नमुना सकाळी दहाला, बरोबर बारा तासांनी. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. लवकर दिलंस तर आकडा खोटाच चढलेला दिसेल. लॅबवाल्याला सांग की लिथियम हेपॅरिनची (रक्त गोठू नये म्हणून ते घातलेली) नळी वापरू नका, त्या नळीतलंच लिथियम रिपोर्टात उतरतं. टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियमही त्याच वेळी करून घे. ही तिन्ही दर सहा महिन्यांनी लागतात. मात्रा बदलली तर पाच-सात दिवसांनी पातळी पुन्हा. रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखव, मग मला पाठव.

तुझा,
काका