बिडी, गांजा आणि स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्यासाठी क्लोझापिनची गोळी चालू आहे. रोज वीस-पंचवीस बिड्या ओढतो, मित्रांत बसला की गांजाही. घरचे म्हणतात, आजाराच्या नावाखाली थेरं चालली आहेत. खरंच तसं असतं का?
– एक बहीण, सातारा

उत्तर : नाही, ताई. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत स्किझोफ्रेनियाच्या ४७ टक्के रुग्णांना कधी ना कधी दारूचं किंवा इतर नशेचं व्यसन जडलेलं आढळलं. तंबाखू त्यात धरलेलीच नव्हती. या आजारात मेंदूतली आनंद आणि उमेद देणारी यंत्रणा मंदावते. निकोटिन तिला घटकाभर जागं करतं, लक्षही थोडं लागतं. त्यात काम सुटलेलं, जुने मित्र दुरावलेले. जवळ बसवून घेतात ते बिडी-गांजावालेच.

गांजा मात्र थेट आजारावर घाव घालतो. भास, संशय वाढतात, बरा होत आलेला माणूस पुन्हा आजारी पडतो. आधी तो सोडवायला हवा.

बिडीच्या बाबतीत घाई नको. बिडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर निकामी करतं (निकोटिनमुळे नव्हे), म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी एकदम बंद झाली, मग ती घरच्यांनी काढून घेतल्यामुळे असो की दवाखान्यात भरती केल्यामुळे, की आठवडाभरात तोच डोस रक्तात बराच चढतो. गुंगी, खूप लाळ गळणं, तोल जाणं, घट्ट बद्धकोष्ठता, फिटसुद्धा. याच आजाराच्या ओलान्झापिन या गोळीचंही असंच. बिडी सोडून मळलेली तंबाखू किंवा मिश्री सुरू केली तरी धूर थांबलेलाच असतो, म्हणजे औषध रक्तात चढणारच, हे बहुतेक घरांत लक्षात येत नाही. म्हणून सोडायचा दिवस आधी डॉक्टरांना सांगा. डोस टप्प्याटप्प्यानं कमी करतील, जमल्यास रक्तातली पातळी तपासतील. निकोटिनच्या च्युइंगगमनं डोसाचं गणित बिघडत नाही.

‘आधी व्यसन सोड, मग उपचार’ ही अट घालू नका; दोन्ही एकाच डॉक्टरांकडे, एकाच वेळी व्हायला हवं. गांजा ओढला म्हणून त्या दिवसाची गोळी चुकवू नका; डॉक्टरांना मात्र खरं सांगा. तो रोज दारूही पीत असेल तर ती घरी अचानक तोडू नका, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. तातडीनं विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६; चोवीस तास, मोफत, मराठीतही.